छापखान्यातली विद्याशाखा

४ जून

आले एकदाची. अतिथीगृहातली खोली क्रमांक सात. 'आठवड्याभरात क्वार्टर तयार होईल मॅडम,' असं व्यवस्थापक म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे न बघता बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते. खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून ती टाकी दिसते, दुसरं काही नाही. जोडातून गळतेय. वायसर बदललं की थांबेल.

सर फोनवर म्हणाले होते, "एक वर्ष दे. घडी बसवून दे आणि खुशाल परत जा." ज्यांनी मला कॉलेजात द्रवयांत्रिकी शिकवली ते सर आता या विद्यापीठाचे कुलगुरू आहेत. अभियांत्रिकी विद्याशाखा काढायची ठरवल्यावर पहिला फोन त्यांनी मला केला. नाही कसं म्हणणार? पंपांच्या कारखान्याने माझी डिझाइन विभागातली जागा पुढच्या मेअखेरपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं आहे. मे संपला की मी पुन्हा माझ्या टेबलावर.

नवऱ्याला सगळं गाव डॉक्टर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दात उपटणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. निघताना तो एवढंच म्हणाला, "वर्षच ना?" ठमी झोपली होती. बारावीचं वर्ष आहे पोरीचं, उठवलं नाही.

६ जून

सरांनी स्वतः जागा दाखवली. विद्यापीठाचा जुना गोपनीय छापखाना. इथे परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापत. छपाई संपेपर्यंत कामगारांना बाहेर सोडत नसत, जेवणखाण आतच. त्यामुळे दार एकच, खिडक्या डोक्याच्याही वर, त्यांना जाड गज, आणि दाराची कडी बाहेरून. भिंतीत शाईचा वास मुरलाय.

मी म्हटलं, "सर, खिडक्या फारच उंच आहेत."

"उत्तम की. मुलांचं लक्ष बाहेर जाणार नाही."

सरांचं हे असं. अडचण सांगायला जावं तर ते तिची सोय करून हातात देतात. यंत्रशाळा, आरेखनाचा वर्ग, कार्यालय, सगळं या एका लांबट दालनात बसवायचं. नकाशा काढायला घेतला. मजा येतेय.

११ जून

विद्या परिषदेची बैठक. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे कशालाही विरोध. तरुण प्राध्यापकांनी त्यांचं नाव घर्षण ठेवलंय, मला फार आवडलं. ते उठले आणि म्हणाले, "यंदा मुलं घेऊ नका. आधी इमारत, मग यंत्रं, मग मान्यता परिषदेची मंजुरी. मुलं सगळ्यात शेवटी."

सर हसले. "मुलं आली की बाकीचं त्यांच्यामागे धावत येतं. काय?"

ते 'काय' माझ्यासाठी होतं. मी उठले आणि बोलले. चांगली बोलले. या भागातली मुलं शिकायला किती लांब जातात, किती जणांना जाताच येत नाही, आपण आणखी किती दिवस वाट बघणार, वगैरे. शेवटी लोकांनी बाकं वाजवली. घर्षण माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांनी अंगणात लावलेलं झाड मी उपटलं. प्रवेश मंजूर, साठ.

२ जुलै

आज कोंडले गेले. अक्षरशः. पहारेकऱ्याला सवय, पाच वाजले की बाहेरून कडी घालायची. मी आत मोजमापं घेत होते. हाका मारल्या, दार बडवलं, स्टुलावर चढून गजांतून रुमाल हलवला. गजांना धरून उभं राहिल्यावर हसू आलं, मग जरा वेळाने येईना.

दार उघडलं ते नेमकं घर्षणने. त्यांची प्रयोगशाळा समोरच आहे.

"आत कोण राहिलंय म्हणून बघायला आलो," ते म्हणाले. मग दारातच उभे राहिले. "बाई, मान्यता परिषदेची मंजुरी तुम्ही स्वतः पाहिली आहे का?"

"सरांचं बोलणं झालंय."

"कोणाशी?"

"मी विचारलं नाही."

"विचारा."

एवढं बोलून गेले. आभार मानायचे राहिले. मानायचेही नव्हते म्हणा.

५ जुलै

सरांकडे गेले होते. त्यांनी चहा मागवला, ठमीची चौकशी केली, माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका उत्तरपत्रिकेची आठवण काढली. मंजुरीचं विचारल्यावर कप खाली ठेवून म्हणाले, "घर्षण लागलं वाटतं तुलाही?" आणि इतके मनापासून हसले की मला माझीच लाज वाटली. मंजुरीचं उत्तर काय मिळालं ते बाहेर आल्यावर आठवेना. पण सर आहेत म्हणजे झालंच असणार.

१ ऑगस्ट

पहिला तास. साठ मुलं, त्यांत नऊ मुली. मी कारखान्यातून एक जुना पंप मागवून ठेवला होता. फळ्यावर काहीच लिहिलं नाही. म्हटलं, खोला. आधी कोणी हात लावेना. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी पुढे आली, शिंप्याची लेक आहे, वडील सोडायला आले होते. तिने पाना हातात घेतला आणि उलट्या बाजूला फिरवला. सगळे हसले, तीही हसली, आणि मग जी झुंबड उडाली. दोन तासांत पंपाचा पार सांगाडा झाला. जोडताना दोन वायसर उरली. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ही जास्तीची दिली असतील."

कारखान्यातल्या कुठल्याही दिवशी मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ठमीचा फोन. माझ्या टेबलावर ती अभ्यासाला बसते आता, तिथे उजेड चांगला येतो. माझे कागद तिने खोक्यात भरून माळ्यावर टाकले. बरंच झालं. टेबल नुसतं अडून होतं.

१८ ऑक्टोबर

धातू कातायचा लेथ येऊन दोन महिने झाले. अजून पेटीतच आहे. छापखान्याची वीज लेथला पुरत नाही, नवी जोडणी हवी, आणि तिची मागणी विद्यापीठात एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतेय. मुलं पेटीवर बसून डबे खातात. फळ्यावर लेथचं चित्र काढून शिकवलं. पोहायला शिकवावं चित्र काढून, तसं.

क्वार्टरचं नाव कोणी काढत नाही. मीही.

९ नोव्हेंबर

वीजशास्त्र शिकवणारा आमचा तरुण अध्यापक राजीनामा देऊन गेला. दुसरीकडे नोकरी मिळाली. जाताना खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, इथे राहिलो तर माझा अनुभव धरला जाणार नाही असं म्हणतात." मी विचारलं, कोण म्हणतं? तो म्हणाला, सगळेच.

त्याचे तास आता माझ्याकडे. रोज पाच तास उभी. शनिवारी घरी जाणार होते, पण डॉक्टर म्हणाला, "कशाला धावपळ करतेस? दमशील. आमचं चाललंय नीट." इतका समजूतदार माणूस शोधून सापडायचा नाही. रविवारभर झोपले.

१२ डिसेंबर

वर्तमानपत्रात वाचलं. सरांची निवड मान्यता परिषदेच्या अध्यक्षपदी झाली. वर्षभराच्या आत नवी अभियांत्रिकी विद्याशाखा उभी केल्याचा खास उल्लेख आहे. सोबत फोटो: छापखान्याच्या दारात सर, आणि मागे मुलं. मी तेव्हा आत होते बहुतेक.

सरांनी आधी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण अशा गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात. आणि आपल्यासाठी तर सोन्याहून पिवळं: मान्यता देणारेच आपले सर. निरोप समारंभात बोलायचं माझ्याकडे आलंय. लिहायला बसले आहे.

९ जानेवारी

घर्षण प्रभारी कुलगुरू झाले. मला बोलावणं आलं. मी मनाची तयारी करून गेले की आता हे माझा हिशेब चुकता करणार.

त्यांनी खुर्ची दिली. टेबलावर काही नव्हतं. म्हणाले, "बाई, मी तीन दिवस सगळं पालथं घातलं. मान्यतेचा अर्ज गेलेलाच नाही."

"म्हणजे नामंजूर झाला?"

"नाही. पाठवलेलाच नाही. परिषदेलाही फोन करून विचारलं. त्यांच्या लेखी आपल्याकडे अभियांत्रिकी नाही."

मी म्हटलं, कुठेतरी राहिला असेल. ते म्हणाले, "या मुलांनी चार वर्षं काढली तरी हातात जो कागद येईल त्याला बाहेर कोणी विचारणार नाही. तुम्हाला दोष द्यायला मी बोलावलेलं नाही. मला सगळे घर्षण म्हणतात ते ठाऊक आहे मला. ब्रेक लावायचा प्रयत्न केला, लागला नाही."

दोन वाटा सांगितल्या. एक, बंद करायचं, मुलांना विज्ञानाच्या पदवीत सामावून घ्यायचं. तेवढं ते करतील. दुसरी, आत्ता अर्ज करायचा. पण त्याला विद्याशाखेचा प्रमुख डॉक्टरेट झालेला आणि कारखान्यातला अनुभव असलेला लागतो. तसा माणूस इथे एकच आहे.

मला दालनाबाहेरची वाट सापडेना. दोनदा चुकीच्या जिन्याने उतरले.

१२ जानेवारी

सरांना रोज फोन करतेय. रोज बैठकीत. आज त्यांनीच केला. "अगं, गडबडीत राहून गेलं असेल. आता पाठवा की. मी आहे ना इथे." आवाज तोच, मायेचा. मी 'हो सर' म्हटलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

१५ जानेवारी

डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी शांतपणे विचारलं, "ठमीला घातलं असतंस तिथे? पुढच्या वर्षी तिलाही कुठेतरी घालायचंच आहे."

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही. आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

२ फेब्रुवारी

मुलांना सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवूनच वर्गात गेले. जे घडलं ते सांगितलं, विज्ञानात जायची वाट सांगितली. म्हटलं, ज्यांना जायचंय त्यांनी मनात काही न ठेवता जा.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "घरी काय सांगू मॅडम? आमच्या गल्लीत मला सगळे इंजिनिअर म्हणायला लागलेत."

शिंप्याच्या मुलीने हात वर केला. "तुम्ही जाणार आहात का?"

"मेअखेरपर्यंत आहे."

"आणि मग?"

साठ जोडी डोळे. वरून गजांच्या सावल्या बाकांवर पडल्या होत्या. मी म्हटलं, पुढचं पुढे बघू. ती खाली बसली. तिला उत्तर कळलं की नाही कळलं, मला अजून कळलेलं नाही.

१ मार्च

चौदा मुलं विज्ञानात गेली. ती जाताना माझ्या पाया पडली, ते काही बरोबर झालं नाही.

अर्ज गेला. घर्षणने (मनातल्या मनात तरी हे नाव सोडायला हवं) स्वतःच्या प्रयोगशाळेतून विजेची तार ओढून दिली. त्यांच्या विभागातले लोक कुरकुरले, तर म्हणाले, "अर्धी प्रयोगशाळाही देणार आहे, आत्ताच काय ते कुरकुरून घ्या." लेथ सुरू झाला. मुलांनी आळीपाळीने हात लावून बघितला.

"तुम्ही तर विरोधात होतात," मी त्यांना म्हटलं.

"आजही आहे. पण आता मुलं आत आहेत."

२८ एप्रिल

ठमीची परीक्षा झाली. पेपर बरे गेले म्हणे. मी परीक्षेच्या दिवसांत जाणार होते, पण नेमकी तपासणी समितीची तारीख येणार होती, आणि मग ती पुढे गेली. ठमी म्हणाली, "बाबा होता ना. डबा पण त्यानेच केला रोज." मला वाटायचं त्याला गॅस पेटवता येत नाही. माणसं किती बदलतात.

१६ मे

समिती आली. अध्यक्ष सर.

दारातून आत आले ते पहिल्यांदाच येत असल्यासारखे. मला 'नमस्कार मॅडम' म्हणाले. लेथ पाहिला, मुलांना दोन-चार प्रश्न विचारले, मुलांनी नीट उत्तरं दिली. मग वर बघून शेजारच्या सदस्याला म्हणाले, "खिडक्या फार उंच आहेत. उजेडाच्या दृष्टीने अयोग्य. लिहून घ्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं. खरोखर आठवत नसावं त्यांना, आणि तेच जास्त वाईट.

नंतर मला एकटीला बाजूला घेतलं, तेव्हा पुन्हा 'अगं' झालं. "मान्यता देतोय. पहिल्या तुकडीसकट. पण परिषदेला खात्री हवी. प्रमुख पाच वर्षं इथून हलणार नाही असं हमीपत्र तुझ्याकडून. मध्ये सोडलंस तर मान्यता जाते. तू आहेस म्हणून हे जमतंय, दुसरं कोणी असतं तर मी बघितलंही नसतं."

माझ्या तोंडून आलं, "सर, तेव्हा अर्ज का पाठवला नाही?"

ते रागावले नाहीत. "पाठवला असता तर नाकारला असता. नाकारलेलं पुन्हा उभं राहत नाही. नाही पाठवला, म्हणून बघ, उभं आहे."

"आणि मी सोडून गेले असते तर?"

"तू?" सर हसले. "तुला मी ओळखतो."

खरंच ओळखतात. मला निवडलं ते मी हुशार म्हणून, असं मी वर्षभर धरून चालले होते.

१८ मे

सही करायला तीन दिवस दिलेत. कारखान्यात फोन केला. साहेब म्हणाले, तुझी जागा तशीच आहे, चाचणीचं नवं यंत्र आलंय, तू येशील म्हणून कोणाला हात लावू दिलेला नाही. फोन ठेवल्यावर टाकीकडे बघत बसले.

कुलगुरूंकडे गेले. (लिहिलं एकदाचं.) ते म्हणाले, "करू नका असं सांगणार होतो. पण मग त्या शेहेचाळीस जणांचं काय करायचं हे मला सुचत नाही, म्हणून गप्प बसतो."

डॉक्टरला फोन केला. वाटलं होतं चिडेल, विचार करायला वेळ मागेल, निदान पाच वर्षं म्हणजे किती हे तरी बोलेल. तो लगेच म्हणाला, "सही कर."

"अरे, नीट ऐकलंस ना? पाच."

"ऐकलं. कर. मुलं अडकलीत तिथे."

मला गहिवरून आलं. किती बायकांच्या नशिबी असा पाठिंबा असतो? दर महिन्याला नक्की येत जाईन म्हटलं. "बघ जमेल तसं," तो म्हणाला.

१९ मे

सही केली. वर्गात जाऊन सांगितलं. शिंप्याच्या मुलीने शेजारणीचा हात घट्ट धरला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी फळा पुसायला घेतला आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

१४ जून

डॉक्टर आणि ठमी आले होते. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आले. गाडी खच्चून भरलेली. माळ्यावरची कागदांची खोकी, सगळी पुस्तकं, थंडीचे कपडे, कपाटातल्या साड्या, माझा चहाचा कप, आईचा भिंतीवरचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून. मी म्हटलं, "अरे, हे सगळं कशाला? सुट्टीत येणारच आहे ना मी."

"असू दे. लागेल," तो म्हणाला.

एकही वस्तू विसरला नव्हता. माझ्या चष्म्याचं जुनं घरसुद्धा. नीट आठवून आठवून भरलेलं दिसत होतं, दोन-तीन दिवस तरी लागले असतील. खोली क्रमांक सातमध्ये आता चालायला जागा नाही.

ठमीला छापखाना दाखवला. लेथ चालवून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे." ती कुठे अर्ज करणार आहे ते मी विचारलं, तर म्हणाली, "बाबाचं आणि माझं ठरलंय." चेहरा तिच्या बाबासारखा दिसायला लागलाय. मोठी झाली.

जेवायला थांबा म्हटलं, तर उजेडात पोचायचं होतं त्यांना. फाटकापर्यंत सोडायला गेले. ठमी पुढे बसली, त्याच्या शेजारी. डॉक्टरने काच खाली केली, माझ्या हातावर जरा वेळ हात ठेवला आणि म्हणाला, "तब्येतीला जप." मलाही काहीतरी बोलायचं होतं, पण मागून विद्यापीठाची बस हॉर्न देत होती.

फाटकाबाहेरचा चढ उभा आहे. येताना म्हणे वाटेतल्या चढांना गाडी दोनदा बंद पडली होती. आता रिकामी होती, एका दमात वर गेली.